झाडं लावतोय की झाडांच्या मुळावर उठलोय?



पोस्ट लांब आहे, पण पाऊस पडायच्या आधी वाचा. पाऊस पडला की आपल्याकडं दोन कामं एकदम सुरू होतात. एक म्हणजे पेरणी आणि दुसरं म्हणजे झाड लावतानाचे फोटो. पेरणीवर मला काही बोलायचं नाही, ती आपल्याला येते. फोटोंवर बोलायचं आहे.

एका रोपाला सात माणसं हात लावून उभी असतात. एकाच्या हातात झारी, एकाच्या हातात बॅनर. पण रोपाची काळी पिशवी काढली का, हे त्या सातांपैकी एकही जण बघत नाही. मी स्वतः असे फोटो काढलेत, त्यामुळं दुसऱ्यावर ढकलत नाही.

आधी माझाच गुन्हा सांगतो.

आमच्या दारात वडिलांनी लावलेला कडुलिंब होता. लेकरं त्याच्याखाली खेळली, उन्हाळ्यात बाजा त्याच्याखालीच पडायच्या. काही वर्षांपूर्वी घराचं काम काढलं. पाण्याची पाइपलाइन टाकायला बुंध्यापासून दीड हातावर चर खोदला. मुळं आडवी आली. गवंडी म्हणाला, "दादा, तोडावी लागतील." मी म्हणालो, "तोड की, झाड कुठं मरतंय एवढ्यानं." मनगटाएवढी तीन मुळं कुऱ्हाडीनं तोडली. मग अंगणात चिखल नको म्हणून बुंध्याला चिकटवून कोबा केला, बोटभरही जागा सोडली नाही. वर गेरू आणि चुना लावला. झाड एकदम नवरदेवासारखं दिसायला लागलं.

आमचे मामा गावाकडून आले होते. त्यांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "लेकरा, त्याच्या गळ्याला फास लावलास." मी हसलो.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या. तिसऱ्या वर्षी पालवी विरळ आली आणि आम्ही म्हणालो, कीड असेल. चौथ्या वर्षी रोहिणीत वादळ आलं आणि झाड मुळासकट आडवं झालं, शेजाऱ्याच्या पत्र्यावर. दहा मिनिटं आधी तिथंच दोन लेकरं उभी होती. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

पडलेल्या झाडाची मुळं बघितली तर चराच्या बाजूला एकही धड मूळ नव्हतं. तोडलेल्या टोकापासून आत सडत गेलेलं होतं. झाड चार वर्षं एका पायावर उभं होतं. गावभर मात्र आम्ही सांगितलं, "वादळानं झाड पडलं."

वादळानं नाही. मी पाडलं. वादळानं फक्त तारीख ठरवली.

आता मुद्द्याचं बोलू. आपल्या डोक्यात झाडाच्या मुळांचं चित्रच चुकीचं आहे. आपल्याला वाटतं, वर जेवढं झाड तेवढंच खाली खोल गेलेलं असणार, त्यामुळं वर काहीही केलं तरी खालच्या मुळाला काय फरक पडतो. खरं उलटं आहे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. खोल जाण्यापेक्षा ती आडवी पसरतात, आणि फांद्यांची सावली जिथं संपते त्याच्याही बरीच पुढं जातात. बुंध्याजवळची जाड मुळं झाड धरून ठेवतात. पाणी आणि अन्न घ्यायचं काम दूरवरची केसासारखी बारीक तंतुमुळं करतात. आपण पाणी ओततो बुंध्यावर आणि खाणारी तोंडं असतात दहा फूट लांब.

दुसरी गोष्ट, मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेवर ती जगतात. ही हवा बंद झाली की मुळं गुदमरतात, मग सडतात. ती हवा कशानं बंद होते? पाणी साचून राहिलं तर, माती रोलरनं दाबली तर, वर सिमेंट ओतलं तर. म्हणजे आपण ज्याला "सुशोभीकरण" म्हणतो, नेमकं त्यानंच.

हे आपल्याला कळत नाही असं कुणी म्हणू नका. आपला तालुका शेतकऱ्यांचा आहे. हळद करणाऱ्याला विचारा, वाफ्यात पाणी साचलं तर काय होतं? झोपेतून उठवलं तरी सांगेल, कंद सडतो. म्हणून तर तो गादीवाफा करतो. सोयाबीन उपटून मुळावरच्या गाठी कुणी बघितल्या नाहीत? गाठ फोडल्यावर आतून गुलाबी निघाली की ती काम करते, हे आपल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तूर-हरभऱ्यात मर दिसली की आपण आधी मूळ बघतो, पान नंतर. संत्रा-मोसंबीवाला तर बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो. आतलं आळं कोरडं ठेवतो आणि पाणी बाहेरच्या आळ्यात देतो, नाहीतर बुंधा सडून डिंक्या लागतो.

मग हाच माणूस गावात राहायला आला, चार पैसे आले, घरापुढं फाटक बसलं, की मुळाचं सगळं ज्ञान बांधावर ठेवून येतो का? शेतातल्या मुळाला हवा पाहिजे आणि दारातल्या मुळाला सिमेंट चालतं, हे कुठलं शास्त्र?

आणि हे फक्त दारापुरतं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात फिरा. रस्ता झाला, नाली झाली, गट्टू बसले, आणि जुनं झाड गट्टूत गळ्यापर्यंत पुरलं. कुठं देवळापुढच्या पिंपळाला चकचकीत फरशीचा ओटा. कुठं शाळेतल्या लिंबाला गोल कठडा आणि त्यात दोन फूट भराव. जुने पार कसे होते ते आठवा. दगड रचलेले, सांध्यांत माती, आत मोकळी जमीन. पाणी आत जायचं, हवा आत जायची. आता पार नाही, पेटी करतो आपण. झाडाला जिवंतपणी पेटीत घालतो.

या पापाचे तीन हप्ते आहेत.

पहिला हप्ता: लावताना. पिशवी तशीच ठेवायची किंवा तळाशी नुसती भोक पाडायची. रोपवाटिकेत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात. ती तशीच लावली तर मोठी झाल्यावरही गोलच फिरतात आणि जाड होऊन स्वतःच्याच बुंध्याला आवळतात. दहा वर्षांनी झाड का वाळलं ते कुणालाच कळत नाही.

दुसरा हप्ता: खोदताना. पाइप, केबल, नाली. जेसीबीला मूळ आणि मुरूम यांतला फरक कळत नाही. मोठ्या झाडाची एका बाजूची मुळं तुटली की ते झाड नाही, ती टांगती तलवार आहे.

तिसरा हप्ता: झाकताना. कोबा, गट्टू, भराव.

आणि मग आकडे येतात. राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं. माझा प्रश्न पक्षाचा नाही, कुणाचंही सरकार असू द्या. प्रश्न असा आहे की आपण खड्डे मोजतो, रोपं मोजतो, फोटो मोजतो. पाच वर्षांनी जमिनीखाली काय आहे, ते कोण मोजतं? ज्या गावाला असलेलं चाळीस वर्षांचं झाड सांभाळता येत नाही, त्यानं हजार नवी लावली म्हणून टाळ्या वाजवायच्या का?

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. कमेंटमध्ये यायच्या आधीच उत्तर देतो.

"मोकळी जागा ठेवली की चिखल होतो." होतो, काळ्या मातीत तर होतोच. त्यावर उपाय म्हणजे पालापाचोळा, भुसकट किंवा गवत. झाडाभोवतीची तीन चौरस मीटर जागा मोकळी सोडली म्हणून गाव चिखलात बुडत नाही. उलट तेवढे गट्टू वाचतात.

"गट्टूच्या फटीतून पाणी जातंच की." फट दिसते ती वर. खाली काय आहे? रोलरनं दाबलेला मुरूम आणि चुरी. तिथं पाणी फार उतरत नाही आणि हवा तर त्याहून कमी.

"मुळं भिंती फोडतात." याच्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला तडा जायला तेवढं पुरतं, आणि अगदी भिंतीला खेटून मोठं झाड असेल तर ते पाणी ओढून त्यात भर घालतं. पण म्हणून कोबा करून उपयोग होत नाही. झाड लावतानाच अंतर ठेवावं लागतं. वड, पिंपळ, उंबर घराजवळ लावायचेच नसतात. त्यांना गावठाण, शाळेचं मैदान, स्मशानभूमी, तळ्याचा काठ द्या. दारात कढीपत्ता, सीताफळ, डाळिंब, पारिजातक लावा. चूक आपण निवडीत करायची आणि शिक्षा मुळाला द्यायची, हा न्याय नाही.

"एवढं बघायला वेळ कुणाला आहे?" ज्याला बॅनर छापायला वेळ आहे, त्याला.

कायद्याचंही ऐका. राष्ट्रीय हरित लवादानं 23 एप्रिल 2013 ला दिल्लीसाठी आदेश दिला की झाडांभोवती एक मीटरच्या आतलं सिमेंट काढा आणि पुढं तेवढी जागा मोकळी ठेवा. मुंबईतही झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून काढायच्या मोहिमा झाल्यात. म्हणजे मोठी शहरं आधी पैसे खर्च करून सिमेंट ओततात आणि नंतर पैसे खर्च करून तेच फोडतात. आपल्या राज्यात शहरी भागासाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड "तोडणे" याचा अर्थ नुसती कुऱ्हाड नाही, झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांपेक्षा जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. मग मुळं गुदमरवून मारलेलं झाड कुठल्या खात्यात धरायचं? कुऱ्हाडीनं मारलं तर पंचनामा, सिमेंटनं मारलं तर उद्घाटन?

मुंबई-दिल्लीला चूक करून शहाणपण आलं. आपलं गाव अजून वाढतंय. हिंगोलीकडं, रिसोडकडं, जिंतूरकडं, सगळ्या बाजूंनी बांधकाम चाललंय. आपल्याला ती चूक करायचीच गरज नाही. आपला हा एकच फायदा आहे, तो तरी घालवू नका.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मी ती निवेदन म्हणून देणार आहे, सोबत यायचं त्यांनी या.

एक. रस्ता, नाली, गट्टू यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकात लिहा की झाडाच्या चारी बाजूंनी किमान एक मीटर जागा मोकळी राहील. नकाशात दाखवा. ती सोडली नसेल तर बिल काढू नका.

दोन. बुंध्याजवळ खोदाई हातानं. बुंध्याची जाडी जितके इंच, तितके फूट अंतर जपायचं, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. एक फूट जाड झाडाला सगळीकडून बारा फूट. तेवढं शक्य नसेल तिथं मुळाखालून पाइप घ्या, मूळ तोडू नका.

तीन. पुढच्या वर्षी नवी झाडं किती लावली त्याच्या आधी, मागच्या वर्षीची किती जगली ते चौकात फळ्यावर लिहा.

आणि घरी, ज्याला कुणाच्या सहीची गरज नाही, ते हे:

पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं दिसली तर ब्लेडनं तीन-चार उभे काप द्या, घाबरू नका. खड्डा पिशवीएवढाच खोल, पण तिप्पट रुंद. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि खड्ड्याचा टब होतो, म्हणून त्या कुदळीनं खरवडा. बुंधा जिथं फुगून मुळं सुरू होतात ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पोटभर घाला, आणि आळं दरवर्षी बाहेर सरकवा. सोयाबीनचं भुसकट जाळू नका, चार बोटं जाड थर आळ्यात पसरा, बुंध्यापासून वीतभर सोडून.

आणि दारात कोबा केलेला असेल तर या रविवारी छिन्नी-हातोडा घ्या. बुंध्याभोवती हातभर तरी फोडा. हळूच फोडा, खालची मुळं जपा. आवाज होईल, शेजारी विचारतील काय चाललंय. त्यांना सांगा, फास सोडवतोय.

आमच्या दारात आता मोकळी जागा आहे. त्या जागी नवीन कडुलिंब लावलाय, भिंतीपासून लांब. अजून माझ्या कमरेएवढाच आहे. लेकरं विचारतात, सावली कधी पडणार? मी म्हणतो, तुमच्या लेकरांना पडेल. वीस वर्षांची सावली मी एका दुपारच्या सिमेंटात घालवली, त्याचं व्याज फेडतोय.

तुम्ही तरी ते कर्ज काढू नका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण भांडायच्या आधी एकदा दारातल्या झाडाच्या बुंध्याजवळ जाऊन खाली बघून या. माती दिसते का, एवढंच सांगा.