पहिल्या पानावरचा व्यवहार

वालीव, गोखिवरे, सातिवली या वसईच्या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यांकडे गिऱ्हाईक आजवर बहुधा ओळखीतून आले. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला नाव सांगितले, दलालाने पेढीपर्यंत आणून सोडले, चहा झाला आणि मग नमुना पुढे आला. अनोळखी माणसाला कसे बसवून घ्यावे आणि त्याचे नेमके काम दोन वाक्यांत कसे काढून घ्यावे, हे घरातील पुढच्या पिढीने लहानपणापासून पाहिलेले असते. तीच पिढी आता मागणी नोंदवण्यासाठी, उधारीच्या हिशेबासाठी स्वतःचे वेब ॲप तयार करू लागली आहे. वेब ॲप म्हणजे फोनमध्ये वेगळे उतरवून न घेता थेट ब्राउझरमध्ये चालणारी व्यवस्था. जाहिरात अथवा व्हॉट्सॲपवरील लिंक दाबल्यावर परका माणूस ज्या पानावर प्रथम येऊन पोहोचतो, त्यास लँडिंग पेज म्हणतात. पेढीच्या उंबरठ्याचे काम हे पान करते, आणि ॲपवर लाखो रुपये खर्च करणारेही या पानाचा विचार सर्वांत शेवटी करतात.

परिणामी त्यावर काय दिसते? स्थापनेचे वर्ष, संस्थापकांचे छायाचित्र, मिळालेली प्रमाणपत्रे, आणि सात दिशांना नेणारी सात बटणे. यातील काहीही खोटे नसते; पण आलेल्या माणसाचे प्रश्न निराळे असतात. माझे काम येथे होईल का, पैसे किती पडतील, आणि आता नेमके काय करायचे? ‘आपल्या व्यवसायासाठी सर्वांगीण डिजिटल उपाय’ या मथळ्यातून त्याला एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘प्लास्टिकच्या डब्यांची मागणी फोनवरून नोंदवा, भाव आणि शिल्लक साठा समोरच पाहा’ या साध्या वाक्यातून दोन उत्तरे मिळतात. त्याखाली ॲपचे खरे चित्र आणि एकच ठळक बटण असावे. बाकीचे सारे खाली गेले तरी चालते. पूर्वजांचे छायाचित्रही खाली जावे, हे सांगताना घरात थोडा वाद होणार, तो होऊ द्यावा.

हे पान वाचणारा माणूस निवांत टेबलाशी बसलेला नसतो. विरारहून सुटलेल्या गाडीत एका हाताने कडी धरून तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान सरकवत असतो. गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर मोबाइलवरील ५३ टक्के भेटी अर्ध्यावर सुटतात. म्हणून कॅमेऱ्यातून निघालेली जड छायाचित्रे आहेत तशी चढवू नयेत, ती हलकी करून घ्यावीत. नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर जीएसटी क्रमांक, पत्ता, ईमेल असे सर्व मागू नये. नाव आणि फोन क्रमांक घेऊन काम सुरू होत असेल, तर बाकीचे मागाहून विचारता येते.

भाषेचा प्रश्न वसईत विशेष आहे. येथील बाजारात मराठी, गुजराती, हिंदी आणि सामवेदी बोलणारी माणसे एकाच गल्ल्यासमोर उभी राहतात. शेजारच्या सोपाऱ्यात, पुरातन शूर्पारक बंदरात, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो प्राकृतात आहे. भगवान महावीरांचा उपदेशही अर्धमागधीतून, म्हणजे लोकांच्या बोलीतूनच झाला. आपली पाने मात्र इंग्रजीत लिहिली की भारदस्त वाटतात, असा समज अजून जात नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारते, त्या भाषेत बटणावरचा शब्द असावा.

पान कोणते चांगले, हे मात्र मालकाने ठरवू नये. बराक ओबामा यांच्या प्रचारपथकाने डिसेंबर २००७ मध्ये आपल्या नोंदणीच्या पानाची परीक्षा घेतली. चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची छायाचित्रे व चित्रफिती यांच्या २४ जोड्या सुमारे ३ लाख १० हजार लोकांना विभागून दाखवण्यात आल्या. पथकातील मंडळींची पसंती एका चित्रफितीला होती. प्रत्यक्षात प्रत्येक चित्रफीत प्रत्येक छायाचित्रापेक्षा मागे पडली. कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ या अर्थाचे बटण, ही जोडी पहिली आली. नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. लहान पेढीकडे एवढे पाहुणे येत नाहीत, आणि दिवसाकाठी पन्नास माणसांवर अशी तुलना केली तर निष्कर्ष फसवा निघतो. त्यापेक्षा सोपा उपाय आहे. शेजारच्या गाळ्यातील माणसाच्या हातात फोन द्यावा, पाच सेकंदांनी परत घ्यावा आणि ‘हे कशाचे आहे?’ एवढेच विचारावे. असे पाच-सहा जणांना विचारले, तरी मथळ्यातील दोष उघडा पडतो.

येथवरचे सारे कौशल्याचे झाले. खरा कस लागतो तो पुढे. पान तयार करून देणारा तरुण एक दिवस सुचवतो की, ‘फक्त दोनच नग शिल्लक’ असे लिहू, भले गोदामात दोनशे असोत. घड्याळ उलटे धावताना दाखवू. आरंभी भाव कमी लिहून वाहतूक आणि हाताळणीचा खर्च शेवटच्या पायरीवर जोडू. यातून काही दिवस विक्री वाढतेही, म्हणूनच हा मोह खरा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनांची नावे देऊन त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, ‘नको’ म्हणणाऱ्यास लाजवणे, दर महिन्याची वर्गणी सोडणे अवघड करून ठेवणे, थेंबाथेंबाने भाव वाढवणे, हे सर्व त्यात आहे.

कायद्याला हे २०२३ साली सुचले. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन तर थेट बाजारातले आहेत. हीनाधिकमानोन्मान म्हणजे घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे अस्सल दाखवून त्यात नकली मिसळणे. पहिल्या पायरीवर एक भाव आणि शेवटच्या पायरीवर दुसरा, हे लहान माप नव्हे तर काय? दुसऱ्या कोणाच्या सुंदर मालाचे छायाचित्र लावून आपला माल पाठवणे आणि न मिळालेल्या ग्राहकांच्या नावाने अभिप्राय लिहून घेणे, यांना प्रतिरूपकव्यवहाराखेरीज दुसरे नाव शोभत नाही. तराजूत पासंग ठेवणाऱ्या दुकानदारास निदान गिऱ्हाईक समोर दिसत असे. पडद्याआड ते दिसत नाही, त्यामुळे हात कमी कचरतो.

तेव्हा वाहतुकीसह पूर्ण भाव पहिल्याच पानावर लिहावा. तो जास्त वाटून काही जण परत जातील. ते तसेही शेवटच्या पायरीवरून परत जाणारच होते, आणि तेव्हा मनात राग घेऊन गेले असते. पानाच्या तळाशी पेढीचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, फोन क्रमांक आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव असावे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ते बंधनकारकच आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. पर्युषणात किंवा संवत्सरीला पेढी बंद राहणार असेल, तर त्या तारखाही तेथेच आधी लिहून ठेवाव्यात.