फाळक्याची बिजागरी

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. पती भाजीची वाहतूक करतात, स्वतःचा छोटा टेंपो आहे. मागच्या फाळक्याच्या तीनपैकी दोन बिजागऱ्या झिजून ढिल्या झाल्या आहेत. हौदा गावातच बांधून घेतलेला, म्हणून त्या मापाच्या तयार बिजागऱ्या दुकानात मिळत नाहीत. मुलगा आयटीआयमधून फिटर होऊन आला आहे. घरामागच्या शेडमध्ये वाईस, ड्रिल, ग्राइंडर आणि लहान वेल्डिंग मशीन आहे. तो म्हणतो, "अम्मी, मी करतो." अब्बांना भरवसा वाटत नाही. काय करावे?

आमचे मत विचाराल तर, करू द्यावे. पण काही अटींवर. हा प्रश्न एका घराचा नाही. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', बाजारात आला, तेव्हापासून असंख्य घरांची रोजी अशा लहान गाड्यांवर चालते. गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. म्हणून घरच्या घरी दुरुस्तीचा मोह होतो. तो वाईट नाही, मात्र मर्यादा ठाऊक हवी.

पहिली मर्यादा अशी की माणसे बसतात त्या दाराची बिजागरी घरी बनवू नये. प्रवासी मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ११ क्रमांकाचा नियम आहे. त्याप्रमाणे बिजागऱ्यांना लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन ओढ सोसावी लागते. ११,००० न्यूटन म्हणजे जवळजवळ ११०० किलोचे वजन टांगल्यासारखे. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला जाऊ नये, यासाठी ही कसोटी. शेडमध्ये ती घेता येत नाही. मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीचे दार असेल तर कंपनीचाच भाग आणावा. मालाच्या हौद्याचा फाळका ही वेगळी गोष्ट. तिथेही निष्काळजीपणा चालत नाही, कारण फाळका रस्त्यात निसटला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जातो. तो कोणाचा तरी मुलगा असतो.

आता कामाकडे. नवशिका कारागीर बहुधा जाड पट्टी घेतो आणि मजबुती झाली असे समजतो. बिजागरीचा खरा प्राण मात्र रेषेत असतो. तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एकाच सरळ रेषेत हव्यात. एक जरी दोन-तीन मिलिमीटर सरकली, तरी फाळका प्रत्येक उघडझापीत पट्ट्यांना पिळतो. काही महिन्यांत वेल्डिंगला तडा जातो किंवा बोल्टाचे भोक लांबट होते. मग लोक आणखी जाड पट्टी लावतात आणि तेच पुन्हा घडते.

यासाठी सोपी युक्ती आहे. पिनेसाठी १२ मिलिमीटरची ब्राइट बार घ्यावी. साधी सळई नेहमी नेमकी गोल नसते. पाइपाची भिंत ४ मिलिमीटर तरी जाड असावी आणि तो आतून १२.५ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करावा. पाइपाच्या आत जोडाची शिवण असते, तीही त्यात निघून जाते. प्रत्येक बिजागरीला पाइपाचे तीन तुकडे लागतात. मधला फाळक्याच्या पट्टीला, दोन बाजूंचे हौद्याच्या पट्टीला. त्यामुळे पिनेला दोन्हीकडून आधार मिळतो. एकाच बाजूने धरलेली पिन लवकर वाकते.

मग फाळका टेबलावर आडवा ठेवून, त्याच्या रुंदीपेक्षा लांब अशी एकच सरळ ब्राइट बार तिन्ही बिजागऱ्यांतून ओवावी. तुकड्यांमध्ये पातळ वॉशर ठेवावेत, म्हणजे फट सारखी राहते. आधी फक्त टाके मारावेत. बार हाताने फिरते का ते पाहावे. फिरली तरच पूर्ण वेल्डिंग करावे, तेही थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ देऊन. एकाच बाजूने सलग भरले तर लोखंड आक्रसते आणि पट्टी ओढली जाते. गरम जोडावर पाणी ओतू नये. ५ मिलिमीटरची पट्टी पुरे होते. बोल्ट डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला घ्यावा आणि पातळ पत्र्याच्या मागे आधाराची पट्टी द्यावी, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. शेवटी लांब बार काढून प्रत्येक बिजागरीला स्वतंत्र पिन द्यावी. पिनेच्या एका टोकाला डोके आणि दुसऱ्या टोकाला कॉटर पिन हवी.

घरातल्या घरात काम म्हणजे आजूबाजूला घरची माणसे. वेल्डिंगचा उजेड काचेशिवाय पाहिला तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ होते. ठिणग्या पाहायला लहान मुलेच आधी धावतात, म्हणून शेडला पडदा लावावा आणि मुलांना आत येऊ देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंगला घेऊ नये. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. ग्राइंडरच्या चकतीवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा, आणि गार्ड कधी काढू नये. ड्रिल करताना तुकडा वाईसमध्ये आवळावा, हाताने धरू नये. ड्रिलवर हातमोजे घालू नयेत. सैल बाही, ओढणी, मफलर यांपैकी काहीही फिरत्या ड्रिलजवळ नको. वेल्डिंग शक्यतो टेबलावरच उरकावे. गाडीवर करावेच लागले तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, आणि इंधनाची टाकी किंवा सीएनजी सिलिंडरजवळ ठिणगी पाडू नये.

राहिला अब्बांचा भरवसा. तो कसोटीने मिळवावा. फाळका बसल्यावर रिकाम्या गाडीत पन्नास वेळा उघडझाप करावी. दोन्ही बाजूंच्या साखळ्या लावून फाळका खाली सोडावा. वजन साखळ्यांनी घ्यायचे असते, एकट्या बिजागऱ्यांवर टाकायचे नसते. साखळ्या जुन्या असतील तर त्याही बदलाव्यात. जोडांवर खडूची पूड चोळून आठवड्याने पाहावे. बारीक तडा असेल तर पुडीत काळसर रेघ उमटू शकते. तडा दिसला तर वरून भर घालू नये, बिजागरी उतरवून नवी करावी. ही तपासणी अब्बांनी स्वतः करावी, कारण गाडी तेच चालवतात. सगळे ठीक निघाले, की रेड ऑक्साइड आणि रंग मारावा, पिनेची भोके सोडून. महिन्यातून एकदा ग्रीस भरावे.

आणि एक विनंती. बाहेरच्या वर्कशॉपला जी मजुरी दिली असती, ती मुलाच्या हातावर ठेवा. घरचे काम म्हणून फुकट करून घेतले, तर पुढच्या वेळी तो घाई करील. दाम मिळाला की माप तो दोनदा घेईल.