रडणे थांबले, म्हणून शूल शमला काय?

काही वर्षांपूर्वी सात महिन्यांचे एक सुदृढ बालक माझ्याकडे आणले गेले. दर पंधरा-वीस मिनिटांनी ते पाय पोटाशी घेऊन किंचाळे, पांढरेफटक पडे आणि पुन्हा शांत होई. मी तपासले त्या वेळी ते शांत होते. मुरडशेंग उगाळून चाटवण्यास सांगून मी त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी रक्तमिश्रित चिकट शौच झाले आणि शस्त्रक्रियेत आतड्याचा मृत भाग काढावा लागला. बालक वाचले, चूक मात्र माझी होती.

हा व्याधी इंटससेप्शन. यात आतड्याचा एक भाग पुढील भागात शिरतो, बहुधा लघ्वांत्राचा शेवट बृहदांत्रात, आणि रक्तपुरवठा कोंडतो. ३ महिने ते ३ वर्षे या वयात तो विशेषेकरून आढळतो. शूल, पोटातील लांबट गाठ आणि रक्तयुक्त शौच ही तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच बालकांत दिसतात. रक्त बहुधा उशिरा दिसते. ते पाहून रक्तातिसार समजणे व कुटजाची योजना करणे घातक ठरते. काही बालके तर रडतही नाहीत, केवळ मलूल पडून राहतात.

रुग्ण शल्यचिकित्सकाकडे पाठवण्यात आपल्या शास्त्राला कमीपणा येतो, असे काहींना वाटते. मला ते मान्य नाही. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात न बोलणाऱ्या बालकाचा उदरशूल ओळखण्यासाठी स्तन नाकारणे, रडणे, उदराची स्तब्धता, मुखावरील स्वेद अशी लक्षणे दिली आहेत. सुश्रुताचार्यांनी बद्धगुदोदरात उदर उघडून अवरोध दूर करण्यास सांगितले आहे. बद्धगुदोदर म्हणजे तंतोतंत हाच व्याधी, असा माझा दावा नाही. परंतु आंत्रावरोधात शस्त्राचा अधिकार आपल्या आचार्यांनीच मान्य केला आहे.

म्हणून संशय येताच तोंडावाटे काहीही देऊ नये. एरंडेल, विरेचन, बस्ती तर मुळीच नको. बालक शल्यचिकित्सा उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत शूल केव्हा सुरू झाला, उलटी हिरवी होती काय आणि शेवटचे दूध केव्हा पाजले, हे लिहावे. सोनोग्राफीने निदान होते. वेळेत पोहोचलेल्या बहुतेक बालकांत गुदमार्गे दाबाने हवा किंवा द्रव सोडून आतडे पूर्ववत होते. ते न झाल्यास, अथवा आतड्यास छिद्र पडले असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. शंभरांत सुमारे दहा बालकांत हा व्याधी पुन्हा उद्भवतो, याची पालकांना कल्पना द्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. तान्ह्या मुलासाठी कोणी बाळगुटी अथवा ग्राइप वॉटर मागितले, तर रडणे थांबून थांबून येते काय, उलटी होते काय, मूल मलूल आहे काय, एवढे विचारावे. एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर बाटली न देता बालकास त्वरित वैद्याला दाखवण्यास सांगावे.