येरमाळ्याचा काल्पनिक स्फोट

रात्री लाइट गेली की आपल्या होस्टेलवर ‘जर-तर’ची लढाई सुरू होते. सध्याचा हिट विषय : १९४८ साली निजाम हरलाच नसता तर? मग एक जण येरमाळ्यात रझाकारांचा दारूगोळ्याचा डेपो उभा करतो, दुसरा येडेश्वरीच्या यात्रेच्या गर्दीतून आत घुसतो आणि धडाम! गोष्ट झकास. पण खऱ्या लढाईत डोकं जास्त चाललं होतं, असं माझं ठाम मत आहे.

निजामाचं दुखणं माणसांचं नव्हतं, मालाचं होतं. चहूबाजूंनी भारत, समुद्र नाही, वर नाकेबंदी. म्हणून सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांनी चोरून शस्त्रं आणायचा. पण मालगाडीचं काम विमान किती दिवस करणार?

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून आपली फौज निघाली आणि नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल हाती आला. अख्खा! आपला हीरो असता तर त्याने पहिल्यांदा पूलच उडवला असता. मग आपलेच ट्रक, आपलाच दारूगोळा अलीकडे अडकला असता, त्याचं काय? (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) त्याच दिवशी तिथे शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग यांनी शत्रूच्या दोन गाड्या पकडल्या, उडवल्या नाहीत. पुढच्या चकमकीत मांडीत गोळ्या लागल्यावरही त्यांनी सरपटत जाऊन ग्रेनेड फेकले. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

अजून एक. आपल्या गोष्टीतल्या डेपोशेजारी त्या रात्री कुणीच झोपलेलं नसतं. येरमाळ्यात घरं नाहीत का? २०१६ साली पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तिथे तर शत्रूही नव्हता. तरी अधिकारी, जवान, आग विझवणारे गेलेच.

जर-तर जरूर लिहा, पण आधी जे घडलं ते तरी गोळा करू. बार्शीकडे भारताचा मुलूख, इकडे निजामाचा. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प. तिथे निरोप कोण न्यायचं, भाकरी कोण पोचवायचं? तेव्हा शाळकरी असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन उरकून परत ताणून देण्याऐवजी दोघा-तिघांनी मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन येरमाळा-कळंबकडे निघावं. मी येतोय. रेकॉर्डिंग ठेवायला लायब्ररीत एक कपाट मिळेल का, ते तेवढं सरांनी सांगावं.