गोंदियाचें स्थानक आणि उसना वारसा

जुन्या रेल्वे-स्थानकास नवा भाग जोडावयाचा म्हटला कीं आपल्याकडे दोन पक्ष लागलीच उभे राहतात. एक म्हणतो, ‘जुनें पाडा’. दुसरा म्हणतो, ‘नव्यासही जुन्याचाच अंगरखा चढवा’. अमृत भारत योजनेंत गोंदिया जंक्शनचा समावेश झाल्यानें हा प्रश्न आमच्या दारीं येऊन ठेपला आहे, आणि आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले वाटतात.

‘गोंदियास बोरीबंदरासारखें आहे तरी काय?’ असा पहिल्या पक्षाचा सवाल. १८८८ सालीं पुरी झालेली ती इमारत २००४ सालीं जागतिक वारशांत गणली गेली. गोंदियास तसा घुमट नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण स्थानकाचा इतिहास काय घुमटांतच असतो? १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें नागपूर-छत्तीसगडचा मीटरगेज मार्ग घेऊन रुंद केला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अडीच फुटी रुळांची गाडी येथून नैनपूरवरून जबलपुरास जाऊं लागली. रुंद व अरुंद रूळ येथें भेटत, म्हणून माणसें व माल येथें गाडी बदलीत. आतां तो अरुंद मार्गही रुंद झाला. त्या भेटीची खूण राहिली तर उरल्यासुरल्या भिंतींत, छपरांत व फलाटांच्या मांडणींतच राहील. तीही पाडावयाची काय?

दुसऱ्या पक्षाची भक्ति याहून घातक. सिमेंटाच्या कमानीस दगडाचा रंग फासून वारसा निर्माण होत नाहीं. आजोबांची पगडी घातल्यानें नातू आजोबा होत नाहीं. उलट अशा सोंगानें खरें जुनें कोणतें हेंच ओळखेनासें होतें.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचें उदाहरण घ्या. १८६८ सालच्या त्या भव्य कमानी छपराखालीं खाडीपलीकडच्या लांब गाड्या मावेनात, तेव्हां पुढें साधें सपाट छप्पर वाढविण्यांत आलें. कमानीची नक्कल केली नाहीं. २००७ पासून तेथें दोन्ही सुखानें नांदत आहेत.

आमचें मागणें एवढेंच. सरकते जिने, लिफ्ट, रुंद पूल अवश्य व्हावेत. डोईवर गांठोडें घेतलेल्या म्हातारीस जिना चढावयास लावणें हें वारसाप्रेम नव्हे. मात्र नव्यानें उंचीनें जुन्यास झांकूं नये, दोहोंमधील सांधा लपवूं नये, आणि जुना भाग कुलुपांत न घालतां वापरांत ठेवावा. नकली नक्षीचा पैसा फलाटावरील सावलीस लागूं द्या. नवें नवेपणानें उभें राहिलें, तरच जुन्याचा मान राहील.