रोमच्या काळातली कान्हेरी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत, कातळाच्या एका डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कान्हेरीचे काम इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे सुरू झाले आणि भिक्षूंची वस्ती इथे जवळजवळ हजार वर्षे टिकली. रोमचे साम्राज्य भरात होते तेव्हाच कान्हेरीही आकाराला येत होती. युरोपच्या सहलीत कोलोसियमसमोर रांग लावणारा उपनगरातला माणूस शाळेच्या सहलीनंतर कान्हेरीला सहसा पुन्हा जात नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

रोम आणि कोकण यांना जोडले ते व्यापाराने. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नोंदलेली आहेत. कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद त्यात आहे. या बंदरांतून रोमन वस्तू घाटावरही गेल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आजही पाहता येते. कान्हेरीला दान देणारे व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि भिक्षुणी याच सोपाऱ्याहून, कल्याणहून, चौलहून आले. कोणी खोली कोरून दिली, कोणी भिक्षूंच्या चीवरासाठी रक्कम ठेवली, कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे कातळात कोरलेले टाके, दिले. हे सारे ब्राह्मी अक्षरांत ओसरीच्या भिंतींवर कोरलेले आहे.

पायऱ्या चढून गेल्यावर लवकरच लागते ते क्रमांक ३ चे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे कोलोसियम खुले झाल्यावर सुमारे शंभर वर्षांनी, व्यापारी भावांनी त्यासाठी दान दिले. आतला दालनवजा भाग सुमारे ८६ फूट लांब आहे, खांब ३४ आहेत आणि शेवटी स्तूप आहे. घडण कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या वळणाची, पण काम अर्ध्यावर राहिलेले. पुढच्या काही खांबांना घटाकार तळखडे आणि माथ्यावर हत्ती आहेत, तर बाकीचे खांब साधे अष्टकोनी. एका बाजूला सजलेले खांब जास्त आहेत, दुसऱ्या बाजूला कमी. दर्शनी भिंतीवर दात्यांची जोडपी आहेत. ओसरीच्या दोन्ही टोकांना असलेल्या बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती मात्र काही शतकांनंतरच्या.

बहुतेक लोक इथूनच परततात, आणि कान्हेरीचे खरे मोठेपण त्यांच्या नजरेतून निसटते. ते पाण्यात आहे. रोमने दूरच्या डोंगरांतले पाणी कमानींच्या कालव्यांवरून शहरात आणले. कान्हेरीने पडलेला पाऊस जागच्या जागी धरून ठेवला. लेण्याच्या माथ्यावरच्या कातळात बोटभर खोल पन्हळी खोदलेल्या आहेत. त्यांतून उतरणारे पाणी ओसरीच्या कडेच्या पोढीत जाते. पोढीचे तोंड लहान आणि चौकोनी असते, पोट मात्र कातळात आत पसरलेले. त्यामुळे ऊन कमी लागते आणि पाणी टिकते. तोंडाभोवतीच्या खाचा झाकणासाठी असाव्यात. बहुतेक लेण्यांना आपापली पोढी आहे, शिवाय मधल्या ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणा दिसतात. चार महिने कोसळणाऱ्या आणि आठ महिने कोरड्या जाणाऱ्या या मुलखात एवढी माणसे डोंगरावर राहू शकली ती या व्यवस्थेमुळे. टँकरवर अवलंबून असलेल्या आजच्या सोसायट्यांच्या समित्यांनी एक रविवार इथे घालवला तर तो सार्थकी लागेल.

ओढ्याच्या बाजूला क्रमांक ११ चे मोठे लेणे आहे. त्याला दरबार म्हणतात. जमिनीतून किंचित वर आलेले दोन लांब दगडी बाक सभागृहाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जातात. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे शिलाहार मांडलिक यांच्या काळातही कान्हेरीला दाने येत होती. एक दाता तर गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेला होता. क्रमांक ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. वर, क्रमांक ९० मध्ये त्याच बोधिसत्त्वाभोवती माणसावर येणारी संकटे कोरलेली आहेत आणि त्यांत बुडणारे गलबतही आहे. समुद्रावर जिवाची जोखीम घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी या डोंगरावर पैसा का ओतला, हे त्या शिल्पापुढे उभे राहिल्यावर कळते.

याच लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तारीख तिथे कोरून ठेवली. कान्हेरी पाहायला आलेल्या परधर्मीय पाहुण्यांच्या या फार जुन्या नोंदी. पुढे पोर्तुगीज आले. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी येऊन गेला आणि त्याने लेण्यांचे तपशीलवार वर्णन लिहिले. १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहाजवळचा स्तूप उघडला, तेव्हा पाचव्या शतकाच्या अखेरीचा ताम्रपट हाती आला.

उद्यान सोमवारी बंद असते. आत बस मिळते आणि सायकलही भाड्याने घेता येते. पन्हळींतून पाणी धावताना पाहायचे तर पावसाळ्यात जावे, पायऱ्यांवरचे शेवाळ सांभाळून. लेख आणि शिल्पे पाहायला हिवाळ्यातली सकाळ बरी, कारण तेव्हा तिरपे ऊन ओसऱ्यांत शिरते आणि ब्राह्मीच्या रेघा उठून दिसतात. क्रमांक ९० पर्यंत चढून, वाटेतल्या पोढ्यांत डोकावून खाली यायला अर्धा दिवस हाताशी ठेवावा.