म्हैसूरमधला पंधरा दिवसांचा भारत

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 2022 साली नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत एक ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास, या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनी परदेशात मास्टर्स किंवा पीएचडी करावी म्हणून असलेली ही योजना. जागा सगळ्या देशात मिळून वर्षाला 125. त्यातल्या एखाद्या मुलीने ऑक्सफर्डला जाऊन जातीवर संशोधन करायचं ठरवलं तर सरकारचं म्हणणं असं, की त्यासाठी परदेश कशाला? त्या विषयाची साधनं आणि जाणकार भारतातच आहेत.

ही ओळ मी म्हैसूरमध्ये राहून वाचली, म्हणून जास्त झोंबली. कारण याच शहरात जून-जुलैत अमेरिकेतली अठरा वर्षांची मुलं भारत शिकायला येतात. कॉलेजात नुसता प्रवेश मिळालेला असतो, पहिला वर्ग भरायला अजून दोन महिने असतात. त्या सुट्टीत दोन-तीन आठवड्यांचा परदेश दौरा करायचा, परत जाऊन दहा पानांचा निबंध लिहायचा आणि क्रेडिट पदरात पाडून घ्यायचं. अमेरिकेत हा प्रकार आता चांगला रुळलेला आहे. प्रिन्स्टनने तर 2009 पासून नव्या विद्यार्थ्यांना कॉलेज सुरू होण्याआधी नऊ महिने परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि पहिल्या ठिकाणांत आपल्याकडचं वाराणसी निवडलं. वाराणसी का, हे विचारायची गरज आहे का? लहान दौऱ्यांना म्हैसूर सोयीचं पडतं. शहर शांत आहे, हवा बरी आहे, इंग्रजी चालतं, राजवाडा आहे, योग आहे.

म्हणजे न्यू जर्सीच्या मुलाने भारताचा अभ्यास करायला हजारो मैल यावं, त्याला कोणी विचारत नाही की तुमच्या लायब्ररीत पुस्तकं नाहीत का. आणि नांदेडच्या मुलीने स्वतःच्या समाजाचा अभ्यास करायला लंडनला जायचं म्हटलं की सरकार तिला घरी बस म्हणतं.

मी मूळचा निपाणीचा, आई विडी कामगार. मानसगंगोत्रीला, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाच्या आवारात, एमए करायला आलो आणि इथलाच झालो. कन्नड, मराठी आणि इंग्रजी येतं म्हणून अशा दौऱ्यांवर काही वर्षं दुभाषा आणि वाटाड्या म्हणून काम केलं. ज्या संस्थेबरोबर केलं तिचं नाव इथे घेत नाही. वेळापत्रक मात्र अजून पाठ आहे. पहाटे गोकुलममध्ये योग, कारण पट्टाभी जोईसांचा अष्टांग योग जगभर इथूनच गेला. मग इडली-डोसा. दुपारी संस्कृतवर व्याख्यान. राहायची सोय एका अग्रहारातल्या घरांत. संध्याकाळी साडी नेसायला आणि रांगोळी काढायला शिकायचं. पंधरा दिवस जेवण शाकाहारी आणि त्याला नाव 'इंडियन फूड'. मंडी मोहल्ल्यातल्या हनुमंतू हॉटेलचा मटण पुलाव खायला म्हैसूरकर रांगा लावतात, पण तो या भारतात बसत नाही. एक दिवस एच. डी. कोटे तालुक्यातल्या जेनुकुरुबांच्या हाडीवर. आदिवासी यांना भेटतो तो एवढाच, मदत घेणारा म्हणून. नागरहोळेच्या जंगलातून त्याला कोणी आणि का उठवलं, हे त्या दिवसाच्या माहितीपत्रकात नसायचं.

चामुंडी टेकडी तर प्रत्येक तुकडीला असतेच. वर मोठा रंगीत महिषासुर उभा आहे, एका हातात तलवार, दुसऱ्यात नाग. मुलं त्याच्यासमोर जीभ काढून फोटो काढतात. गाईड सांगतो: हा राक्षस, देवीने याला मारला, म्हणून दसरा. आपण मराठीत या शहराला म्हैसूर म्हणतो, महिष नावातच बसलेला आहे. ज्याच्या नावाने शहर ओळखलं जातं तो राक्षस कसा, हा प्रश्न इथले दलित-बहुजन कार्यकर्ते अनेक वर्षं विचारत आहेत. ते महिषाला या भागाचा राजा मानतात, काही जण बौद्ध राजा मानतात आणि दसऱ्याआधी महिष दसरा साजरा करतात. 2019 मध्ये त्यांना टेकडीवर परवानगी मिळाली नाही. 2023 मध्ये टेकडीवर जमावबंदी लागली आणि कार्यक्रम टाऊन हॉलच्या भिंतींआड करावा लागला. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. आपल्याकडे गावोगावच्या शिवेवर म्हसोबा आहे, आणि जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त त्याची फोड 'महासुभा' अशी करून तो बळीच्या राज्याचा अधिकारी असल्याचं मांडलं. महिष इतिहासात होता की नव्हता, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मुद्दा एवढाच की याच शहरात, याच पुतळ्यावरून जिवंत भांडण चालू आहे, आणि भारत शिकायला आलेल्या मुलाला त्याचा पत्ताही लागू दिला जात नाही.

हे एकदा मी टेकडीवर उभं राहून सांगितलं. पाचच मिनिटं. मुलं गप्प होऊन ऐकत होती, दोघांनी वहीत टिपलं, एकीने महिष दसऱ्याची तारीख विचारली. संध्याकाळी मला समजावण्यात आलं की ही मुलं लहान आहेत, त्यांच्या मनात 'निगेटिव्ह' काही घालू नये आणि जात हा विषय ओरिएंटेशनमध्ये एका स्लाइडवर येऊन गेलेला आहे. पुढच्या तुकडीला मला बोलावणं आलं नाही.

ती स्लाइड मी पाहिली आहे. चार थरांचा पिरॅमिड आणि खाली एक वाक्य, की 1950 मध्ये संविधानाने जातिभेद संपवला. संविधानाने अस्पृश्यता रद्द केली, जात नाही, हे अकरावीच्या आपल्या पोरालाही माहीत असतं.

राजवाड्याचंही तेच. 1912 मध्ये तो बांधून झाला, हेन्री आयर्विनने आराखडा केला, साडेसातशे किलोची अंबारी, दिवे किती, आरसे कुठून आणले, हे सगळं सांगतात. त्याच राजवाड्यातल्या नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी 1918 मध्ये लेस्ली मिलर समिती नेमली. सरकारी नोकऱ्या जवळपास सगळ्या ब्राह्मणांच्या हातात होत्या, त्या इतरांना कशा मिळतील ते पाहण्यासाठी. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे पटलं नव्हतं, ते त्याच काळात पदावरून गेले. 1921 मध्ये संस्थानाने आदेश काढून मागासलेल्यांसाठी प्रतिनिधित्वाची उद्दिष्टं ठरवली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला जे केलं त्याचं हे दक्षिणेतलं भावंड. ज्या अमेरिकन मुलांच्या देशात ॲफर्मेटिव्ह ॲक्शन 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडीत काढली, त्यांना याहून जवळचा धडा कोणता मिळाला असता? पण अंबारीत बसायचं तर मिलर आड येतो.

आणि 1973. पँथर स्थापन होऊन दीड वर्ष झालं होतं. कर्नाटकचे दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा 19 नोव्हेंबरला म्हैसूरमधल्या सभेत म्हणाले की कन्नड साहित्यातलं बरंचसं 'बूसा' आहे, म्हणजे गुरांपुढे टाकायचा कोंडा. त्यावर सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्या आगीतून दलित संघर्ष समिती उभी राहिली आणि देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या यांची पिढी पुढे आली. कॉलेजच्या पोरांनी घडवलेला हा इतिहास आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना तो कळू नये?

आणखी एक. 2015 आणि 2016 च्या स्वच्छतेच्या सरकारी क्रमवारीत म्हैसूर देशात पहिलं आलं होतं. प्रत्येक तुकडी शहराच्या स्वच्छतेचं कौतुक करते. पहाटे योगाला जाताना हातगाडी ढकलणाऱ्या पौरकार्मिक बाया त्यांना रोज दिसतात. त्या बहुतेक सगळ्या दलित का आहेत, हा प्रश्न एकाही वेळापत्रकात मला दिसला नाही. अशोकपुरम कुठे आहे हेही त्यांना सांगत नाहीत. शहराच्या दक्षिणेला, रेल्वे वर्कशॉपच्या बाजूला, आंबेडकरी चळवळीची ही सगळ्यात जुनी-जाणती वस्ती. तिच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण टुरिस्ट नकाशावर ती नाही.

कोणी म्हणेल, अहो, पोरं अठरा वर्षांची, दिवस पंधरा, इतक्यात सगळं कसं मावणार? बरोबर आहे, मावत नाही, म्हणून तर निवड करावी लागते. ती निवड कोण करतो ते बघा. व्याख्याते कोण, घरमालक कोण, योगशिक्षक कोण, आणि गाडी चालवणारा, भांडी घासणारी कोण. जातीवर धडा न ठेवताही जातीचा पुरेपूर धडा देणारा हा दौरा आहे, फक्त तो वाचायला कोणी शिकवत नाही.

शिवाय ही मुलं सगळी गोरी नसतात. बऱ्याच तुकड्यांत निम्मी भारतीय वंशाची असतात, 'रूट्स' शोधायला आलेली. एका वर्षी एक मराठी मुलगी होती. माझं मराठी ऐकून हरखली, आजीनंतर इतकं मराठी कोणाशी बोललेच नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काका, तुमचं आडनाव काय?" मी सांगितलं. तिला त्यातून काही कळलं नाही, तिने सरळ मनाने विचारलं होतं. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर तिने ते सांगितलं. आईला कळलं. त्यानंतरही मुलगी माझ्याशी चांगलीच बोलायची, फक्त एकदा म्हणाली, "आई विचारत होती, तुम्ही रिझर्वेशनमधून का?" समुद्र ओलांडून तीस वर्षं झाली तरी ते यंत्र गंजलेलं नाही. मुलीला म्हैसूरने काय शिकवलं? अग्रहार, संस्कृत, साडी. आईचा प्रश्न कुठून येतो हे समजायला लागणारं काहीच नाही.

हे तिच्या घरापुरतं राहत नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने 2022 मध्ये, सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीविषयीचं विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. प्रत्येक ठिकाणी विरोधकांचं म्हणणं एकच, अमेरिकेत जात नाही, हा हिंदूंना बदनाम करण्याचा डाव आहे. उद्या कॅम्पसवर ही चर्चा होईल तेव्हा एखादा विद्यार्थी उठून म्हणेल, मी भारतात राहून आलोय, मला तिथे जात दिसली नाही. तो खोटं बोलत नसेल. त्याला दिसू नये याची व्यवस्था झालेली होती. त्याच वर्गात आमची एखादी मुलगी बसलेली असेल, तिला या साक्षीला एकटीने उत्तर द्यावं लागेल. आणि ती तिथे पोचणं किती अवघड आहे? ओव्हरसीज स्कॉलरशिपला 2025 मध्ये 106 जण निवडले गेले आणि सुरुवातीला पत्रं मिळाली 40 जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असला तर बघू.

बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा 22 वर्षांचे होते. 9 मे 1916 ला त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. सयाजीरावांच्या करारात 2022 ची ओळ असती तर त्या निबंधाचा खर्च नामंजूर झाला असता. साधनं आणि जाणकार भारतातच आहेत म्हणे! 1916 च्या मुंबईत कोणता जाणकार महाराच्या पोराकडून जातीची उत्पत्ती ऐकून घेणार होता? न्यूयॉर्कला जाऊन त्यांना भारत दिसला असं नाही, भारत त्यांनी पाठीवर झेललेला होता. तिथे त्याच्याबद्दल बोलायला जागा मिळाली. लांब जाण्याचा उपयोग हा असतो, आणि ज्यांना तो कळतो तेच दुसऱ्यांसाठी ती वाट बंद करतात.

या मुलांना अशोकपुरममध्ये कॅमेरे घेऊन फिरवा असं मी म्हणत नाही. गरिबी दाखवायचे दौरे मुंबईत धारावीने पुरेसे सोसले आहेत. आमची वस्ती प्रदर्शन नाही. आम्हाला शिकवायचं आहे, व्याख्यात्याच्या खुर्चीत बसून.

म्हणून म्हैसूरमधल्या आम्ही काही जणांनी, त्यात अशोकपुरमचे दोन निवृत्त शिक्षक, एक पौरकार्मिक ताई आणि मानसगंगोत्रीचे चार संशोधक आहेत, तीन तासांचा एक वर्ग तयार केला आहे. मिलर, बूसा, महिष दसरा आणि सफाईच्या कामातली कंत्राटी पद्धत. मानधन योगशिक्षकाइतकंच, एक रुपया कमी नाही. ताईलाही तेवढंच. दौरे आणणाऱ्या दोन संस्थांना तो पाठवला. एकीचं उत्तर नाही. दुसरीने कळवलं की वर्ग फार आवडला, फक्त नाव 'जात' ऐवजी 'सोशल डायव्हर्सिटी' ठेवता येईल का, आणि बूसा वगळून दीड तासात बसवता येईल का. आम्ही नाही म्हणून कळवलं आहे.